झोळीच्या फोटोपलीकडे: दुर्गम पाड्यांवर उपचार नेमका कुठे अडतो?

रानवाट (धागाकर्ती) | १४ जुलै, रात्री ९.४०

पावसाळा लागला की झोळीचे फोटो यायला लागतात. चौघांच्या खांद्यावर बांबू, त्याला बांधलेलं लुगडं किंवा घोंगडी, आत अवघडलेली बाई. कधी धडगाव-अक्कलकुव्याचा फोटो, कधी भामरागडचा, कधी मेळघाटातला, तर कधी मुंबईपासून काही तासांवरच्या जव्हार-मोखाड्याचा. नंदुरबारकडे या झोळीला लोक बांबूलन्स म्हणतात. दोन दिवस बातम्या चालतात, रस्ता मंजूर असल्याचं कोणीतरी सांगतं आणि विषय पुढच्या आषाढापर्यंत मिटतो.

मी सातपुड्यात आरोग्य कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणाचं काम करते. फोटो खोटे नाहीत, संतापही खोटा नाही. पण फोटोत दिसतो तो दुखण्याचा शेवटचा टप्पा. त्याआधीच्या तासांत, दिवसांत त्या घरात काय झालं याबद्दल आपण बोलत नाही, म्हणून हा धागा.

आधी सरकारी हिशेब बघू. सपाटीवर ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि ३०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र (पीएचसी). डोंगराळ आणि आदिवासी भागात ३,००० ला उपकेंद्र, २०,००० ला पीएचसी. वाचायला उदार वाटतं. पण अक्राणी (धडगाव) तालुक्यात तीन हजार माणसं म्हणजे एक गाव नव्हे. वेगवेगळ्या टेकड्यांवर विखुरलेले दहा-बारा पाडे, मधे नाले, आणि प्रत्येक पाड्यावरची घरंही एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर नसतात. उपकेंद्र कागदावर आहे, इमारतही आहे. चौथ्या टेकडीवरून तिथे यायला पावसात अर्धा दिवस लागतो. निकष माणसं मोजतो, चढ मोजत नाही.

आता माणसं कशाने दगावतात ते बघा. जन्मतः न रडलेलं बाळ, कमी वजनाचं बाळ, नवजात बाळाला झालेला जंतुसंसर्ग, लहान मुलांचा न्यूमोनिया, जुलाब, फाल्सिपेरम मलेरिया, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव, सर्पदंश. यातल्या बहुतेकांवरचे उपचार महागडे नाहीत, नवेही नाहीत. फक्त ते काही तासांत मिळावे लागतात, रक्तस्रावात तर दोनेक तासांत.

सार्वजनिक आरोग्यात 'तीन विलंब' असा एक विचार शिकवतात. पहिला, घरात निर्णय व्हायला लागणारा वेळ. दुसरा, दवाखान्यात पोचायला लागणारा. तिसरा, पोचल्यावर उपचार सुरू व्हायला लागणारा. आपली सगळी चर्चा दुसऱ्या विलंबावर चालते, कारण त्याचाच फोटो निघतो. पहिला विलंब कोण कमी करणार? रस्ता नाही करू शकत. बाळ दूध ओढत नाहीये, अंग गार पडलंय, ही धोक्याची खूण आहे हे त्या घरात कुणाला तरी कळलं पाहिजे, आणि सांगणाऱ्या माणसावर घरच्यांचा विश्वास पाहिजे.

हे काम कसं होतं याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९३ पासून ३९ गावांत हा अभ्यास केला, तुलनेसाठी आणखी ४७ गावं घेतली. गावातल्याच थोडंफार शिकलेल्या बायका निवडून त्यांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार केलं. बाळ जन्मलं की घरी जायचं, वजन करायचं, ताप मापायचा, बाळ गरम ठेवायचं, श्वास घेत नसेल तर पिशवी-मास्कने द्यायचा, जंतुसंसर्गाच्या ठरावीक खुणा दिसल्या आणि आईवडील दवाखान्यात न्यायला तयार नसले तर जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शनसुद्धा द्यायचं. नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी खाली आला. हे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. इंजेक्शन गावातल्या बाईच्या हाती देण्यावर तेव्हा डॉक्टर मंडळींनी बरीच नाराजी दाखवली होती. २०११ मध्ये केंद्राने 'एचबीएनसी' म्हणून घरभेटींचा कार्यक्रम देशभर आशांकडे (गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांकडे) दिला, इंजेक्शन मात्र वगळलं. पुढे २०१४ मध्ये ठरावीक परिस्थितीत एएनएमना (प्रशिक्षित परिचारिकांना) जेंटामायसिनची परवानगी मिळाली. पण एएनएम उपकेंद्रात असते, पाड्यावर नाही.

त्याच्याही आधी, १९७० पासून, जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्या बायकांना, त्यातल्या कितीतरी निरक्षर आणि दलित, आरोग्याचं काम शिकवलं. म्हणजे हा विचार आपल्याकडे पन्नास वर्षांहून जुना आहे आणि टिकलेला आहे.

तर मला म्हणायचंय ते एवढंच. रस्ता हवा, रुग्णवाहिका हवी, डॉक्टर हवेत. पण पाड्यावर राहणारी, नीट शिकवलेली, पिशवीत औषध आणि वेळेवर पगार असलेली बाई आधी हवी. बाकी सगळी व्यवस्था तिच्या मागे उभी राहायला हवी. आज उलटं आहे. सगळ्यात जास्त काम तिच्यावर आणि सगळ्यात कमी पैसा तिला.

जे अशा भागात राहतात किंवा काम करतात त्यांनी लिहावं. विरोधी मतही लिहा.

---

घाटमाथ्यावरून | १४ जुलै, रात्री ११.०५

मी मेळघाटात काही वर्षं वैद्यकीय अधिकारी होतो. धागा आवडला, पण एका मुद्द्यावर स्पष्ट असहमती.

» पाड्यावर राहणारी, नीट शिकवलेली... बाई आधी हवी.

नवजात बाळांसाठी हे शंभर टक्के मान्य. बाळंतिणीसाठी नाही. बाळ आडवं असेल, वार सुटत नसेल, झटके येत असतील तर आशाताई काय करणार? तिला सिझेरियन हवं, रक्त हवं. धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या घरात, त्यात सेमाडोहच्या बाजूचा जंगलातला घाटरस्ता. धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ असेल आणि भूलतज्ज्ञ नसेल तर तो स्त्रीरोगतज्ज्ञही फक्त पुढे पाठवायची चिठ्ठी लिहू शकतो. दोघं एकाच वेळी हजर, शिवाय रक्तसाठा केंद्र चालू, या तीन गोष्टी एकत्र आल्या तरच त्या इमारतीला अर्थ. माझ्या काळात त्या क्वचितच एकत्र आल्या.

डॉक्टर का टिकत नाहीत यावर नेहमी 'पैशाच्या मागे लागलेत' असं लिहिलं जातं. मी पाहिलेलं सांगतो. क्वार्टरचं छत गळतं. नवरा-बायको दोघं डॉक्टर असतील तर दोघांना एका तालुक्यात नेमणूक मिळत नाही. मुलांच्या शाळेचा प्रश्न असतो. आणि रात्री दोन वाजता केस बिघडली तर फोनवर सल्ला द्यायला कोणी वरिष्ठ नसतो, सकाळी जाब विचारायला मात्र सगळे असतात. एमबीबीएसनंतर वर्षभराची सेवा बंधनकारक आहे. त्या बंधनातून येणारा मुलगा वर्ष मोजत राहतो, भाषा शिकेपर्यंत त्याची बदली होते.

या सगळ्यात तग धरून असतात ती पाड्यांवर फिरणाऱ्या भरारी पथकातली बीएएमएस (आयुर्वेद पदवीधर) मंडळी. मानधनावर, कंत्राटी, वर्षानुवर्षं त्याच पाड्यांवर. इथली कोरकू भाषा समजणारे डॉक्टर मला भेटले ते यांच्यातच. त्यांना कायम केलं तर निम्मा 'डॉक्टर मिळत नाहीत'चा प्रश्न सुटेल, असं माझं ठाम मत आहे.

---

रानवाट | १५ जुलै, सकाळी ७.१५

@घाटमाथ्यावरून, सिझेरियन आणि रक्ताबद्दल पूर्ण मान्य. आशाने तज्ज्ञाची जागा घ्यावी असं म्हणणं नाहीच. पण तुमच्याच उदाहरणात बघा, बाळ आडवं आहे हे सातव्या-आठव्या महिन्यात एएनएमच्या तपासणीत कळलं असतं तर ती बाई कळा सुरू व्हायच्या आधी धारणीला पोचली असती. तपासणीला तिला आणतं कोण? आशाच.

रक्तस्रावाबाबत एक भर. घरीच बाळंतपण होण्याची शक्यता असलेल्या दुर्गम भागात मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या आधीच देऊन ठेवायच्या, बाळ जन्मल्यावर लगेच ६०० मायक्रोग्रॅम घ्यायच्या, अशा केंद्राच्या मार्गदर्शक सूचना २०१३ पासून आहेत. अट एकच, पोटात दुसरं बाळ नाही याची खात्री आधी हवी. गोळीला फ्रिज लागत नाही, इंजेक्शन लागत नाही. आशांच्या पिशवीत ती मला फार कमी ठिकाणी दिसली.

---

मोहफूल | १५ जुलै, दुपारी १.३०

माहेरघराबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. दुर्गम भागातल्या निवडक पीएचसींच्या आवारात गरोदर बाईने तारखेच्या काही दिवस आधी येऊन राहायचं, जेवण तिथे, बुडीत मजुरी मिळायची, अशी ही योजना. कागदावर इतकी चांगली योजना दुसरी नसेल. तरी कितीतरी माहेरघरांना कुलूप असतं आणि मग अहवालात लिहिलं जातं, 'लाभार्थ्यांची उदासीनता'.

या शब्दाचा मला मनापासून राग येतो. घरी दोन लहान मुलं आहेत, शेळ्या आहेत, आवणीचे दिवस आहेत. ती बाई आठ दिवस कुणाच्या भरवशावर निघेल? तिथे बोलायला आपल्या भाषेचं कोणी नाही. जेवणात ती कधी खात नाही ते ताटात. न्हाणीला दार नाही. ज्या ठिकाणी सासूला आणि लहान मुलाला सोबत राहू दिलं, त्याच गावची बाई स्वयंपाकाला ठेवली आणि चूल पेटवायला परवानगी दिली, तिथे बायका येतात, राहतात, पुढच्या बाळंतपणालाही येतात. मी दोन्ही प्रकारची माहेरघरं पाहिली आहेत. खर्चात फारसा फरक नाही. फरक एवढाच, की एका ठिकाणी बायकांना आधी विचारलं होतं.

---

पुणेकर अनिवासी | १५ जुलै, रात्री ८.५०

धागा वाचून अस्वस्थ झालो. आम्ही इकडे काही मराठी कुटुंबं दरवर्षी निधी गोळा करतो. एक रुग्णवाहिका घेऊन द्यायची असेल तर कुठल्या तालुक्याला द्यावी? किंवा बाईक अॅम्ब्युलन्स?

---

नर्मदाकाठ | १५ जुलै, रात्री १०.२०

तुमची कळकळ पोचली. पण गाडी देऊ नका, असं मी सांगेन. कारणं लिहितो.

१०८ ची सेवा राज्यात २०१४ पासून आहे, १०२ च्या गाड्या आहेत, गरोदर बाई आणि बाळासाठी जाणं-येणं मोफत हा २०११ पासून हक्क आहे. अडचण गाड्यांच्या संख्येची कमी आणि गाडी जिथे थांबते त्या जागेची जास्त आहे. डांबर संपतं तिथे गाडी संपते. दान दिलेल्या गाडीला दुसऱ्या वर्षी डिझेल कोण घालणार, चालकाचा पगार कोण देणार, टायर कोण बदलणार हे आधी ठरलेलं नसतं. तालुक्याच्या दवाखान्यामागे गवतात उभ्या गाड्या बघा, बहुतेकांवर कुणा ना कुणा दात्याचं नाव असतं.

बाईक अॅम्ब्युलन्स उपयोगाची आहे, पण कशासाठी ते कळायला हवं. ताप, जुलाब, हाड मोडलेलं, लस-औषध पोचवणं, एएनएमला पाड्यापर्यंत नेणं, यासाठी उत्तम. बेशुद्ध माणूस किंवा कळा देणारी बाई खडकाळ उतारावर बाईकला जोडलेल्या गाडीतून नेणं धोक्याचं आहे. तिथे झोळी बरी. झोळीची आम्हाला लाज वाटत नाही. लाज वाटायला हवी ती झोळी दहा किलोमीटर न्यावी लागते याची. दोन किलोमीटरवर गाडी मिळाली तर झोळी हे चांगलं साधन आहे.

आमच्याकडे सरदार सरोवराचं पाणी चढलं तेव्हापासून काठच्या गावांची वेगळीच गत आहे. महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित. जे लोक डोंगरावर सरकले त्यांना खाली पाणी, वर चढ. तरंगता दवाखाना आणि बोटीची रुग्णवाहिका आली ती म्हणून. बोट चालते तेव्हा तिच्याइतकी सोय दुसरी नाही. पण इंजिन बिघडलं की मिस्त्री लांबून यावा लागतो, आणि पाणी ओसरलं की काठाचा गाळ इतका की बोट लागत नाही. नवी बोट घेणं सोपं असतं. जुनीचं इंजिन चालू ठेवणं, हे खरं आरोग्याचं काम.

काय चालतं ते सांगतो. प्रत्येक खोऱ्यात कुणाची तरी खासगी जीप असते. त्या जीपवाल्याशी ग्रामसभेने आधीच दर ठरवायचा, रात्री-अपरात्री निघायचं कबूल करून घ्यायचं आणि पैसे आठवड्याच्या आत द्यायचे. पैसे कुठून? पेसा गावांना (आदिवासी स्वशासन कायद्याखालच्या) आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो, आरोग्य हा त्याच्या खर्चाच्या विषयांपैकी एक आहे. ठराव करावा लागतो, तो करायला ग्रामसेवकाला बसवावं लागतं. उधारी थकली की जीपवाला फोन उचलत नाही. त्याचाही दोष नाही.

@पुणेकर अनिवासी, द्यायचंच असेल तर गाडीऐवजी पाच वर्षांचं डिझेल आणि दुरुस्ती द्या. नाव कुठे लागणार नाही, पण गाडी चालेल.

---

पुणेकर अनिवासी | १६ जुलै, सकाळी ६.०५

पटलं. दुरुस्ती-निधीचा प्रस्ताव आमच्या लोकांपुढे ठेवतो. चार ओळींत हिशेब लिहून दिलात तर समजावायला सोपं जाईल.

---

करवंद | १६ जुलै, सकाळी ११.४०

सर्पदंश हा विषय या धाग्यात हवाच. भारतात दरवर्षी सरासरी ५८,००० लोक सर्पदंशाने मरतात असा २००० ते २०१९ या काळाचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले बहुतेक खेड्यातले, घरी किंवा वाटेत गेलेले.

महाडला डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर जे केलं ते आठवा. प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी त्यांनी विंचवाच्या विषावर वापरून दाखवली. तेही बिरवाडीच्या पीएचसीत काम करत असताना. म्हणजे लहान दवाखान्यात मोठं काम होऊ शकतं. मग सर्पदंशाचं का होत नाही?

माझ्या पाहण्यातली अडचण अशी. पीएचसीत सापाच्या विषावरची लस, म्हणजे प्रतिविष, असते. भुकटीच्या रूपातली कुपी नेहमीच्या तापमानात टिकते, म्हणजे फ्रिजचं कारणही नाही. पण ती देताना अॅलर्जीची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते या भीतीने डॉक्टर हात लावत नाहीत, 'पुढे न्या' म्हणतात. अॅड्रेनॅलिनची कुपी भरून शेजारी ठेवली तर ती प्रतिक्रिया हाताळता येते, हे शिकवायला एक दिवस पुरतो. घोणस किंवा फुरसं चावलंय आणि रक्त गोठत नाहीये हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, तिरपं करून बघायचं.

मण्यारीचं वेगळं. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, खूण दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात. घरचे म्हणतात, झोप झाली नाही. मण्यार चावल्यावर रुग्णाला श्वासाचा आधार देत न्यावं लागतं, इथे रुग्णवाहिकेतल्या अंबू बॅगवर (हाताने दाबून श्वास द्यायच्या पिशवीवर) सगळं अवलंबून. आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी. मलेरियासाठी वाटलेली मच्छरदाणी इथेही जीव वाचवते, हे वाटताना सांगायला हवं.

---

पाड्यावरची ताई | १६ जुलै, रात्री ९.५५

मी स्वतः आशा आहे. भाचीने हा धागा वाचून दाखवला, तिच्याकडून टाईप करून घेतेय.

बाई आधी हवी असं लिहिलंय, वाचून बरं वाटलं. आता त्या बाईचं ऐका.

माझ्याकडे चार पाडे आहेत. दोन नाल्यापलीकडे. बाळंतीण झाली की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं. घरी बाळंत झाली तर पहिल्या दिवशीही. सगळ्या भेटी पूर्ण झाल्या तर अडीचशे रुपये. नाल्याला पाणी आलं आणि एक भेट चुकली तर कागद परत येतो. पैसा आला तर आला, नाही तर तीन-चार महिन्यांनी. २०२४ मध्ये संप केला तेव्हा राज्याने पाच हजार वाढवले. वाढवले, चांगलं झालं. पण मिळतात ते महिन्याच्या महिन्याला नाही.

औषधाची पिशवी भरून मिळते तेव्हा ओआरएस, झिंक, पॅरासिटामॉल, लोहाच्या गोळ्या असतात. ऐन जुलाबाच्या दिवसांत ओआरएस संपतं. मग मी मीठ-साखरेचं पाणी शिकवते. बाया म्हणतात, ताई, तू तर रिकाम्या हाताने आलीस. रिकाम्या हाताने गेलं की पुढच्या वेळी ऐकत नाहीत. विश्वास बोलून येत नाही, औषधाने येतो.

आता सगळं मोबाईलमध्ये भरायचं. नेटवर्क टेकडीवर. माहिती भरायला चढ चढायचा. तेवढ्या वेळात दोन घरं झाली असती.

बडव्याबद्दल, म्हणजे आमच्याकडच्या भगताबद्दल, शिकलेली माणसं वाईट बोलतात. माझं त्याच्याशी भांडण नाही. पोर आजारी पडलं की आधी त्याच्याकडेच जातात, माझी सासूही जायची. मी त्याला सांगितलं, तुझं तू कर, पण पोराची छाती आत ओढली जात असेल तर मला हाक मार. श्वास मोजायला मी त्यालाही शिकवलं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला साठ, वर्षाच्या आतल्याचे पन्नास, पाच वर्षांपर्यंत चाळीस. एवढे किंवा जास्त झाले तर दवाखाना. तो हाक मारतो. पोटावर चटके देणंही त्याने सोडलंय. त्याचा मान राखला म्हणून झालं हे.

आणि दवाखान्यात नेलेल्या बाईवर ओरडू नका. 'इतक्या उशिरा का आणली' म्हणून मला ओरडा, मी ऐकून घेईन. तिला ओरडलं की त्या पाड्यावरची पुढची बाई येत नाही.

---

मोहफूल | १६ जुलै, रात्री १०.३०

ताई, तुम्ही लिहिलंत याचं फार बरं वाटलं. शेवटचा परिच्छेद प्रत्येक पीएचसीच्या प्रसूतिगृहाबाहेर लावायला हवा.

---

घाटमाथ्यावरून | १७ जुलै, सकाळी ८.१०

ताईंचा प्रतिसाद दोनदा वाचला. आमच्याकडे बडव्याच्या जागी भूमका. त्यांनाही रुग्ण पाठवण्यात सामील करून घ्यायचे प्रयत्न झाले आहेत, पण ते अधिकाऱ्यासोबत येतात आणि अधिकाऱ्यासोबत जातात. ताईंनी केलं ते टिकलं, कारण त्या तिथेच राहतात.

टेलिमेडिसिनबद्दल एक ओळ, कारण कुणीतरी तो मुद्दा आणेलच. ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी तज्ज्ञाशी बोलू शकतो. रक्तदाब, मधुमेह, त्वचारोग, जुन्या आजारांच्या औषधांसाठी खरंच उपयोग होतो. तातडीच्या केसला नाही. आणि सल्ल्यात लिहिलेलं औषध उपकेंद्रात नसेल तर रुग्णाला फक्त औषधाचं नाव मिळतं.

---

इंद्रावती | १७ जुलै, दुपारी ३.२०

गडचिरोलीतून. माझ्या मुलाला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, एसएस प्रकारचा.

इथे सगळे जीव वाचवायच्या तासांबद्दल बोलतायत, बरोबरच आहे. पण आमच्यासारख्यांचा प्रश्न आयुष्यभराचा आहे. थंडीत, किंवा उन्हात पाणी कमी पडलं की त्याची हाडं दुखायला लागतात, इतकी की तो आवाज न करता रडतो. हा आजार आहे हे कळायच्या आधी शाळेत त्याला आळशी म्हणत.

हायड्रॉक्सीयुरिया सुरू केल्यापासून त्रास कमी झाला. ही गोळी रोज लागते. तालुक्याला साठा असेल तर ठीक, नसेल तर जिल्ह्याला, तिथेही नसेल तर नागपूर. एसटीत सिकलसेल रुग्णाला मोफत प्रवास आहे, पण आमच्या गावाला एसटीच पावसाळ्यात येत नाही. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, तेव्हा घरात किती गोळ्या आहेत हे मोजत बसायचं.

२०२३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तपासणी जोरात झाली, कार्डं वाटली. तपासणीचं काम आकड्यात दिसतं म्हणून ते होतं. माझी मागणी एकच आहे. ज्यांची तपासणी झाली आणि आजार निघाला त्यांना पावसाळ्याआधी चार महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या, मधल्या रक्ततपासणीची सोय जवळच्या पीएचसीत करा. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आहे, त्याचं प्रमाणपत्र मिळतं, हे कितीतरी आईबापांना माहीतच नाही. ज्यांना माहीत नसेल त्यांनी जिल्हा रुग्णालयात विचारा.

---

रानवाट | १७ जुलै, रात्री ९.१५

@इंद्रावती, तुमच्या मागणीत सगळं आलंय. पावसात तुटणाऱ्या गावांना रेशनचं धान्य आगाऊ पोचवायची पद्धत जुनी आहे. त्याच यादीवर औषधं का नसावीत? सिकलसेल, क्षयरोग, मिरगी, रक्तदाब, यांची रुग्णांची नावं पीएचसीत असतातच.

@पाड्यावरची ताई, तुमच्या परवानगीने तुमचं म्हणणं नाव न घालता तालुक्याच्या बैठकीत वाचून दाखवते.

---

गोठणगाव | १८ जुलै, दुपारी १२.००

स्थलांतराचा मुद्दा राहिला. दिवाळीनंतर आमचे निम्मे पाडे ऊसतोडीला आणि वीटभट्ट्यांवर, गुजरातेत नाहीतर पश्चिम महाराष्ट्रात. गरोदर बाईची नोंद इकडे, बाळंतपण फडावर, बाळाची लस कुठेच नाही. आशाच्या यादीत 'स्थलांतरित' असा शेरा पडला की ते बाळ कुणाचंच नाही. निघण्याआधी माता-बाल कार्ड तिच्या हातात असणं आणि मुकादमाचा नंबर आशाकडे असणं, एवढं जरी केलं तरी तिकडच्या आशाला कळवता येतं.

---

नर्मदाकाठ | १८ जुलै, सायंकाळी ६.४५

मागण्या खूप झाल्या, त्या कुठे मांडायच्या तेही लिहितो. राज्यात २००७ पासून काही जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख आणि जनसुनवाई झाली. गावकरी पीएचसीचं प्रगतिपत्रक भरायचे, सुनवाईत अधिकाऱ्यांपुढे वाचायचे. जिथे हे झालं तिथे बाहेरून औषधं लिहून देणं, बाळंतिणीकडून पैसे घेणं यावर वचक बसला. निधी आटला की सुनवाया थांबल्या. पण गाव आरोग्य समिती आणि ग्रामसभा कायद्याने आहेतच, त्यांना कुणाची परवानगी लागत नाही.

@पुणेकर अनिवासी, हिशेब मागितला होतात. जीपच्या एका फेरीचा दर, महिन्याच्या सरासरी फेऱ्या, पावसाळ्याचे चार महिने दीडपट धरायचे, आणि बोटीसाठी इंजिन-दुरुस्ती वेगळी. आमच्या खोऱ्यातल्या दोन ग्रामसभांकडून खरे आकडे घेऊन रविवारपर्यंत इथेच टाकतो.

---

पाड्यावरची ताई | १८ जुलै, रात्री ९.३०

बैठकीत वाचा, माझी हरकत नाही. त्यात एक अजून घाला. वजनकाटा गेल्या पावसाळ्यापासून बिघडलाय, अर्ज दोनदा दिलाय. दीड किलोचं बाळ आणि दोन किलोचं बाळ डोळ्यांनी ओळखता येत नाही. दीड किलोच्या बाळाला दवाखान्यात न्यावंच लागतं. काटा आधी द्या.